घराण्यातली साखर: गोव्यातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. बारावीला आनुवंशिकता आली की मुलांना आपापल्या घराचा वंशवृक्ष काढायला सांगते. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, ज्याला आजार आहे तो पेन्सिलीने काळा करायचा. कुठला आजार घ्यायचा ते मुलांनी ठरवायचं, आणि दरवर्षी निम्म्याहून अधिक मुलं मधुमेहच घेतात. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने आजोबा, आजी, बाबा, दोन काका आणि आत्या असे एकेक करून काळे केले, मग पेन्सिल स्वतःच्या वर्तुळावर टेकवून विचारलं, "टीचर, माझं आत्ताच अर्धं काळं करून ठेवू का?"

तासाच्या घंटेआधी जमेल तेवढं तिला सांगितलं. नंतर तिची आई भेटायला आली, मग शेजारच्या दोघी, मग देवळाच्या सभामंडपात भरलेल्या तपासणी शिबिरातली माणसं. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते उत्तरांसकट इथे लिहिले आहेत. मी डॉक्टर नव्हे. औषध सुरू करणं, बदलणं, थांबवणं हे तुमच्या डॉक्टरांनीच करायचं.

आईला आणि बाबांना दोघांनाही शुगर आहे. मग मला होणारच ना?

होणारच असं नाही. शक्यता मात्र खरोखर मोठी आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. आईवडिलांपैकी एकाला टाइप २, म्हणजे मोठ्या माणसांत सर्रास दिसणारा मधुमेह असेल तर मुलाला आयुष्यात कधीतरी तो होण्याची शक्यता साधारण ४० टक्के धरतात, आणि दोघांनाही असेल तर ७० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दोन्ही बाजूंनी वारसा आलेल्या दहा भावंडांतली तिघं सुटू शकतात. उरलेल्या सातांतही तो कुणाला पस्तिशीत गाठतो, कुणाला सत्तरीत, आणि या दोन वयांत जमीनअस्मानाचा फरक आहे. सत्तरीत लागलेल्या माणसाच्या डोळ्यांना आणि मूत्रपिंडांना पस्तीस वर्षं कमी मार सोसावा लागतो.

या आकड्यांत फक्त जनुकं मोजलेली नाहीत. एका घरातली माणसं एकाच हंडीतला भात खातात, रात्री एकाच वेळेला जेवतात, कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही तीच स्कूटर काढतात. जनुकांचा वाटा किती हे बघायला संशोधक जुळ्यांकडे वळतात. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला टाइप २ झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा बरंच जास्त निघतं, पण शंभर टक्के कधीच निघत नाही. डीएनए अक्षर न अक्षर सारखा असूनही एक आजारी पडतो आणि दुसरा नाही, असं घडतं.

आणि त्या मुलीचं अर्धं काळं वर्तुळ? अर्धं काळं करायची खूण थॅलेसेमियासारख्या आजारासाठी असते. तिथे एकाच जनुकाचा प्रश्न असतो आणि माणूस वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून ते जनुक पुढे देणारा, आहे की नाही हे ठामपणे सांगता येतं. मधुमेहात तसा वाहक नसतो. त्या अर्थाने बघायला गेलं तर आपण सगळेच थोडेथोडे काळे आहोत, कुणाची छटा गडद, कुणाची फिकी.

पण जनुकांत नेमकं काय बिघडलेलं असतं?

"बिघडलेलं" हा शब्द इथे बसत नाही. आपल्या डीएनएत सुमारे तीन अब्ज अक्षरं आहेत. बहुतेक ठिकाणी सगळ्या माणसांत एकच अक्षर असतं, पण लाखो जागा अशा आहेत जिथे काहींचं अक्षर वेगळं असतं. केसांचा कुरळेपणा जसा येतो, तसाच हाही फरक. त्यातल्या काही जागा साखरेच्या कारभाराशी जोडलेल्या आहेत.

सगळ्यांत नावाजलेली जागा टीसीएफ७एल२ या जनुकात आहे. २००६ साली आइसलंडमधल्या संशोधकांनी ती दाखवून दिली. तिथे 'सी' या अक्षराऐवजी 'टी' असेल तर मधुमेहाचा धोका वाढतो. आईकडून किंवा वडिलांकडून एक प्रत आली असेल तर अंदाजे १.४ पट, दोघांकडून आली असेल तर साधारण दुप्पट. भारतातल्या जवळजवळ निम्म्या लोकांत या धोक्याच्या अक्षराची निदान एक प्रत असते. निम्मी वस्ती ते अक्षर घेऊन फिरते आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मधुमेह नाही, इतकं कळलं तरी "माझ्यात जनुक आहे" या वाक्याची भीती कमी होते.

हे अक्षर करतं काय? स्वादुपिंडात बीटा पेशी असतात, त्या इन्शुलिन तयार करतात. जेवणानंतर आतड्यातून निरोप जातो की साखर येते आहे, तयारीत रहा. धोक्याचं अक्षर असलेल्यांच्या बीटा पेशी या निरोपाला मंद प्रतिसाद देतात. वय आणि वजन वाढलं, इन्शुलिनची गरज वाढली, की ही मंदी अंगावर येते.

आजवर सापडलेल्या जागांपैकी पुष्कळशा बीटा पेशींशीच संबंधित आहेत. केसीएनजे११ हे जनुक त्या पेशीच्या भिंतीतलं पोटॅशियमचं दार घडवतं. ते दार मिटलं की इन्शुलिन सुटतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या, ज्या तुमच्या घरातल्या कुणाच्या तरी डब्यात नक्की असतील, हेच दार मिटवतात. एसएलसी३०ए८ हे जनुक बीटा पेशीत जस्त पोहोचवतं, कारण इन्शुलिन जस्ताबरोबर बांधून साठवलं जातं. नवल असं की या जनुकाची एक प्रत पूर्ण निकामी असलेली काही विरळा माणसं आहेत आणि त्यांना मधुमेह होण्याचं प्रमाण उलट कमी आहे. एमटीएनआर१बी मेलाटोनिनशी, म्हणजे रात्रीच्या संप्रेरकाशी जोडलेलं आहे. त्यातला ठराविक फरक असलेल्यांनी झोपायच्या तोंडावर जेवण केलं तर साखर अधिक चढते असं स्पेनमधल्या अभ्यासात दिसलं. एफटीओ थेट साखरेवर काम करत नाही. त्याच्या दोन्ही प्रती धोक्याच्या असलेली माणसं सरासरी तीनेक किलोंनी जड भरतात आणि वाढलेलं वजन पुढचं करतं.

२०२४ साली पंचवीस लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासात अशा सहाशेहून जास्त जागा नोंदल्या गेल्या. बहुतेकींचा परिणाम एकेकटा अगदी किरकोळ. पावसाळ्यात म्हादई फुगते ती कुठल्या एका ओढ्यामुळे फुगत नाही, तसंच हे.

आमच्याकडे बारीक माणसांनाही होतो. असं का?

हा प्रश्न आपल्या देशाचा आहे आणि त्याचं उत्तर बऱ्याच अंशी पुण्यात शोधलं गेलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांची मापं घेतली आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बारीक, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र फारशी कमी नाही. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार.

याज्ञिकांनी आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचाच दाखला दिला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, फोटोत दोघंही सडपातळ. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के.

यात काही वाटा जनुकांचा, काही आईच्या पोटातल्या नऊ महिन्यांचा. आईचं पोषण, ब१२ आणि फोलेट यांचा मेळ, यांची खूण बाळाच्या शरीरावर राहते असं पुण्याच्या अभ्यासात दिसलं. म्हणून भारतीयांसाठी वजनाची रेषाही अलीकडे ओढली आहे: बीएमआय २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० सेंटिमीटर ओलांडली की सावध व्हायचं. शिंप्याची टेप घरात असतेच. बेंबीच्या पातळीला, पोट आत न ओढता मोजा.

गोव्यात प्रमाण इतकं आहे, म्हणजे गोवेकरांच्या रक्तातच काही आहे का?

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के, गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. पुदुच्चेरी आणि केरळ पाठोपाठ. तो आकडा वाचला त्या दिवशी मी वर्गातले बाक मोजले होते. या मुलांच्या घरांत प्रत्येक चार मोठ्या माणसांमागे एक.

पण रक्ताचं म्हणाल तर विचार करा. पेडण्याच्या आणि सावंतवाडीच्या घरांत पिढ्यानपिढ्या सोयरिकी आहेत. मुंबईत, कारवारात, सिंधुदुर्गात राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांची कुलदैवतं आपल्या फोंड्यात, काणकोणात आहेत. जनुकं तेरेखोल नदीपाशी येऊन थांबत नाहीत. आणि दोन-तीन पिढ्यांत एखाद्या समाजाची जनुकं बदलत नसतात. आमच्या आजोबांकडे जी अक्षरं होती तीच आमच्याकडे आहेत. आजोबा मात्र रोज वायंगणात, भाताच्या शेतात, चिखल तुडवत होते.

एखाद्या समाजात खरोखर एक जनुक भारी पडतं तेव्हा चित्र कसं दिसतं, हे ग्रीनलंडमध्ये सापडलं. तिथल्या इन्युइट लोकांत टीबीसी१डी४ या जनुकातला एक फरक बराच पसरलेला आहे. दोन्ही प्रती तशा असलेल्यांचे स्नायू जेवणानंतरची साखर नीट ओढून घेत नाहीत आणि त्यांना मधुमेह होण्याचा धोका सुमारे दहापट असतो. गोव्यात असं कुठलंही एक जनुक सापडलेलं नाही.

मग बाकी काय? गोव्यात वयस्कर माणसं तुलनेने जास्त, आणि वय हा मधुमेहाचा सर्वांत मोठा सोबती. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी निघाली. भातशेती सुटली, कुळागरात माडावर चढायला माणूस बोलवावा लागतो, दारात दुचाकी उभी. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा वाजला की पाव, संध्याकाळी पुन्हा भोंगा, पुन्हा पाव, मध्ये शीतकडी. यातलं काहीच नवीन नाही. नवीन इतकंच की हे खाऊन झाल्यावर जे अंगमेहनतीचं काम असायचं ते गेलं. भारतीय शरीराची जी कमकुवत बाजू आधी झाकलेली राहायची ती उघडी पडली.

मुलाला वीस-बाविसाव्या वर्षीच निघाला. वजन नाही, काही नाही. हा कुठला मधुमेह?

इथे घाई न करता वाचा, कारण नेमकं नाव कळण्यावर पुढचे उपचार ठरतात.

टाइप १ असू शकतो, ज्यात शरीराची संरक्षण व्यवस्थाच बीटा पेशींवर उलटते. टाइप २ ही आता तरुणांत दिसतो. तिसरा एक गट आहे, त्याला मोडी (MODY) म्हणतात. एकाच जनुकातल्या एका मोठ्या बदलाने होणारा हा मधुमेह. सगळ्या मधुमेहींत त्याचं प्रमाण जेमतेम एक-दोन टक्के, पण तो वंशवृक्षावर ठळक दिसतो: आजोबा, वडील, मुलगा अशी सलग ओळ, बहुतेकांना पंचविशीच्या आत, आणि प्रत्येक मुलाला तो बदल मिळण्याची शक्यता बरोबर निम्मी.

त्यातले दोन प्रकार मुख्य आहेत. जीसीके जनुकाचा असेल तर साखर जन्मापासून थोडी वर असते आणि तिथेच राहते. बहुतेकांना गोळीही लागत नाही. एचएनएफ१ए चा असेल तर साखर वर्षागणिक वाढत जाते, पण ग्लिक्लाझाइडच्या जातीच्या गोळ्यांना तो फार चांगला प्रतिसाद देतो, कधीकधी अगदी लहान मात्रेलाही.

आमच्याच नात्यातल्या एका मुलाचं सांगते. एकोणिसाव्या वर्षी निदान झालं, टाइप १ म्हणून इन्शुलिन सुरू झालं आणि सहा वर्षं चाललं. त्याच्या वडिलांना, आजीला तरुणपणीच मधुमेह झाला होता, पण हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि घरच्यांनी आपणहून सांगितलं नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांनी कागदावर तीन पिढ्या मांडल्या, शरीर स्वतःचं इन्शुलिन बनवतं का हे सांगणारं सी-पेप्टाइड तपासलं, बीटा पेशींवर उलटणारी प्रतिपिंडं आहेत का ते तपासलं आणि रक्त जनुकीय तपासणीला पाठवलं. एचएनएफ१ए निघालं. आज तो सकाळी एक गोळी घेतो. फ्रिजच्या दारात अजून इन्शुलिनचा जुना रिकामा डबा आहे, त्याची आई तो टाकू देत नाही.

हे वाचून कुणीही आपलं इन्शुलिन बंद करू नका. टाइप १ मध्ये ते थांबवलं तर दोन-तीन दिवसांत जीवावर बेततं. डॉक्टरांना फक्त विचारा: "हा मोडी असू शकेल का?" चेन्नईतली मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशन ही संस्था या विषयात बरीच वर्षं काम करते आहे.

आणखी एक. बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत मधुमेह निघाला तर जनुकीय तपासणी झालीच पाहिजे. त्यातल्या बऱ्याच बाळांत ते केसीएनजे११ चं दार उघडंच अडकलेलं असतं आणि ग्लिबेनक्लामाइडने ते मिटतं. सुईऐवजी औषध तोंडातून देता येतं.

आठ वर्षांच्या मुलीला टाइप १ निघाला. आमच्या घराण्यात कुणालाच नाही. कुठून आला?

टाइप १ झालेल्या दहातल्या जवळपास नऊ मुलांच्या घरात आधी कुणालाच तो नसतो. या आजारात शरीराची संरक्षण व्यवस्था स्वतःच्याच बीटा पेशींवर उलटते. आनुवंशिक धोक्याचा साधारण निम्मा भार सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए जनुकांवर असतो, त्यातही डीआर३ आणि डीआर४ हे प्रकार. पण ते प्रकार असलेली बहुतेक मुलं धडधाकट मोठी होतात. एका भावंडाला झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता पाच-सहा टक्के, म्हणजे बहुतेक भावंडं सुटतात.

चॉकलेटं दिली म्हणून हा होत नाही. दृष्ट लागली म्हणून, गरोदरपणात आईने काही खाल्लं म्हणूनही नाही. हे वाक्य कृपा करून मुलीच्या आजीला मोठ्याने वाचून दाखवा. या घरांतल्या आया वर्षानुवर्षं नको तो दोष उरावर घेऊन जगतात, आणि तो दोष बहुतेक वेळा घरातल्याच कुणीतरी दिलेला असतो.

ऑनलाइन किट मागवून जनुकीय चाचणी करू का?

टाइप २ साठी मी तरी मागवणार नाही. या चाचण्या शेकडो जागा तपासून गुणांची बेरीज करतात. त्या बेरजेचं गणित मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बसवलेलं आहे, म्हणून आपल्यासारख्यांत त्याची अचूकता घटते. आपल्याकडे जीनोमइंडिया प्रकल्पात देशभरातल्या सुमारे दहा हजार लोकांचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचून झाला आणि २०२५ च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांना खुली झाली. हे काम पुढे गेलं की गणित सुधारेल.

तोवर वंशवृक्ष ही तुमची जनुकीय चाचणी, आणि ती फुकट आहे. सोबत उपाशीपोटी रक्तातली साखर. १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ किंवा जास्त दोनदा आली तर मधुमेह. आईवडिलांपैकी कुणाला असेल तर तिशी ओलांडल्यावर वर्षातून एकदा, आणि वजन जास्त असेल तर त्याही आधी. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.

जनुकीय चाचणी कामाची आहे ती वर सांगितलेल्या मोडीच्या संशयात आणि तान्ह्या बाळांत.

एचबीएवनसी चांगलं येतं, पण घरच्या मीटरवर साखर चढलेली दिसते. मीटर खोटा का?

मीटर खरा असू शकतो. एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला तीन महिन्यांत किती साखर चिकटली याचं माप. पेशी लवकर मरत असतील तर साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. जीसिक्सपीडी या विकराची कमतरता हे त्याचं एक आनुवंशिक कारण. ते जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत जास्त दिसतं. मलेरियावर प्रायमाक्विन देण्याआधी हीच कमतरता तपासतात, तेव्हा घरात कुणाला "तुम्हाला ही गोळी चालणार नाही" असं सांगितलं गेलं असेल तर ते आपल्या डॉक्टरांच्या कानावर घाला. थॅलेसेमियाचे वाहक असाल तरी आकड्यात गफलत होऊ शकते. अशांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघायची.

गरोदरपणात शुगर होती, बाळंतपणानंतर गेली. आता विषय संपला ना?

नाही. गरोदरपणातला मधुमेह ही शरीराची रंगीत तालीम असते. त्यामागचीही काही जनुकं तीच, टीसीएफ७एल२ आणि एमटीएनआर१बी. अशा बाईला पुढे टाइप २ होण्याचा धोका इतर आयांच्या किमान सातपट. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तपासणी करायची असते, आणि नेमकी तीच चुकते. तेव्हा घर बाळाच्या अंघोळीत, शेकशेगडीत, बारशात बुडालेलं असतं. नवऱ्याने ती तारीख कॅलेंडरवर लिहावी.

स्थळ बघताना घरात मधुमेह आहे का विचारावं का?

विचारून करणार काय? गोव्यात मधुमेह नसलेलं घर शोधायला निघालात तर मुलं बोहल्यावर चढायचीच नाहीत. आणि मुलीकडच्यांना हा प्रश्न जितक्या वेळा विचारला जातो तितका मुलाकडच्यांना विचारला जात नाही, हे मी पाहिलं आहे आणि मला ते मुळीच पटत नाही. जनुकं दोघांकडून निम्मी-निम्मी येतात. लग्नानंतर दोन्ही घरांचा इतिहास दोघांनी मोकळेपणी एकमेकांना सांगावा, तो पोटच्या मुलांच्या उपयोगी पडतो.

पूर्वीच्या लोकांना हे आनुवंशिक असल्याचं माहीत होतं का?

होतं. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक सहज, आईवडिलांच्या बीजदोषातून आलेला, आणि दुसरा अपथ्याने झालेला. पहिल्यातला रोगी कृश, सतत तहानलेला. दुसऱ्यातला स्थूल, खूप खाणारा, बसून-झोपून राहणारा. डीएनएचा पत्ता नसताना नुसत्या डोळ्यांनी केलेली ही विभागणी आहे.

जनुकं बदलता येत नाहीत, मग चालून आणि भात कमी करून काय मिळणार?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सर्वांत आवडतं, कारण ते मोजून पाहिलेलं आहे. अमेरिकेत उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल २००२ साली आला. ज्यांनी वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं ठरवलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. पुढे याच लोकांचं टीसीएफ७एल२ तपासलं. ज्यांना यातला कुठलाच उपाय दिला नव्हता त्यांच्यात दोन धोक्याच्या प्रती असलेले झपाट्याने मधुमेहाकडे गेले. पण चालणाऱ्यांच्या गटात त्या दोन प्रतींचा जोर जवळजवळ दिसेनासा झाला. अक्षरं तीच होती.

चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीयांवर असाच प्रयोग केला, २००६ साली निकाल आला, घट २८.५ टक्के. अमेरिकेपेक्षा कमी, तरीही ज्यांना एरवी मधुमेह झाला असता अशा दर साडेतीन जणांत एकाचा आजार त्या काळात टळला.

आपल्या ताटापुरतं बोलायचं तर भात सोडायची गरज नाही, ताटातली जागा बदला. आधी भाजी आणि मासा वाढून घ्या, मग उरलेल्या जागेत भात. उकड्या तांदळाचा भात सुरईपेक्षा, म्हणजे न उकडलेल्या तांदळापेक्षा, साखर जरा सावकाश चढवतो, पण दोन डाव जास्त घेतलेत तर तो फायदा गेला. पेज प्यायची तर सोबत नुसतं लोणचं नको, सुका बांगडा किंवा चण्याची उसळ घ्या. पाव संध्याकाळचा बंद करून बघा. चवथीला नेवरी खा, पंधरा दिवस डबा भरून ठेवू नका. रात्रीचं जेवण झोपायच्या दोन-तीन तास आधी, आणि जेवल्यावर देवळापर्यंत पायी. पावसात चालता येत नसेल तर पडवीत येरझाऱ्या घाला, आमच्या शेजारच्या काकी पंचवीस मिनिटं मोजून घालतात.

मुलगा बोटीवर आहे, वर्षातून दोनदा घरी येतो. त्याची तपासणी कधी?

बोटीवर चढण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत साखर बघतात. तो कागद एजंटाकडे ठेवून न देता फोटो काढून घरी पाठवायला सांगा. "नॉर्मल" या शब्दावर थांबू नका, आकडा बघा. ९२ वरून ९८, ९८ वरून १०७ अशी चढण तीन वर्षांच्या कागदांत दिसते, एका कागदात दिसत नाही.

डॉक्टरांकडे जाताना घराण्याबद्दल काय सांगायचं?

"घरात आहे" एवढं पुरत नाही. कोणाला, कितव्या वर्षी निघाला, तेव्हा अंगाने कसे होते, सुरुवात गोळीने झाली की इन्शुलिनने, एवढं तीन पिढ्यांचं लिहून न्या. गेलेल्यांचंही लिहा. पूर्वी निदान व्हायचंच नाही, पण पायाची जखम भरली नाही, बोट कापावं लागलं, शेवटी दिसेनासं झालं, अशा आठवणी असतात. कुणा बाईला गरोदरपणात शुगर होती का, कुणाचं बाळ चार किलोचं जन्मलं का, तेही. आईच्या बाजूला मधुमेहासोबत लवकर बहिरेपण आलेली माणसं असतील तर आवर्जून सांगा, कारण पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतल्या बदलाने येणारा एक विरळा मधुमेह फक्त आईकडूनच उतरतो आणि त्याच्याबरोबर कान जातात.

ही माहिती बहुतेक घरांत एकाच म्हाताऱ्या बाईकडे असते. त्या मुलीने वही नेऊन आजीसमोर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी तिने आणलेल्या कागदावर प्रत्येक काळ्या आकृतीशेजारी वय लिहिलेलं होतं: आजोबा ६१, बाबा ४४, धाकटे काका ३९. आईचं वर्तुळ तिने काळं केलेलं नव्हतं, पण त्याच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "माझ्या वेळी पोटुशी असताना शुगर होती, नंतर तपासलीच नाही." ते वाचून मी तिच्या आईला फोन केला. पुढच्या सोमवारी सकाळी, पोदेर यायच्या आधी, ती उपाशीपोटी आरोग्य केंद्रात जाऊन बसली.